जाणाऱ्याने काय सांगून जावं? (वॉशिंग्टनचं निरोपपत्र, दांडिया बाजारात वाचलेलं)

राजमहालरोड

आधी आमच्या मंडळाची गोष्ट सांगते, कारण ती घडली नसती तर हा धागा मी काढलाच नसता. मंडळाचं नाव देत नाही. बडोद्यातल्या दक्षिणी वस्तीत अशी मंडळं बरीच आहेत, त्यातलंच एक.

संस्थापक अध्यक्ष सव्वीस वर्षं त्याच खुर्चीवर होते. माणूस सज्जन. पदरचे पैसे घालून त्यांनी हॉल उभा केला, गणपतीची मूर्ती ठरवण्यापासून मांडववाल्याशी घासाघीस करण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. पण पुढचं माणूस तयार झालं नाही, आणि एक दिवस ते अचानक गेले. मग दोन तट पडले. पहिल्या निवडणुकीत एक तट आला, त्याने दुसऱ्यांचे जुने हिशेब बाहेर काढले. पुढच्या निवडणुकीत दुसरा आला, त्याने ह्यांचे काढले. वर्गणीची पावतीपुस्तकं, हॉलचं भाडं, आचाऱ्याची उधारी, प्रत्येक कागद एकमेकांच्या अंगावर. शेवटी एका सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "निवडणूक नको नि काही नको. कुणीतरी एक कडक माणूस बसवा आणि आम्हाला सुखाने आरती करू द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे आठवायचं कारण असं. शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण दांडिया बाजारात एका घरी जमून काहीतरी वाचतो. ह्या वेळी अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्याचं निरोपपत्र घेतलं. मी शाळेत इतिहास शिकवायचे, पण हे पत्र सबंध कधी वाचलेलं नव्हतं. परीक्षेपुरतं 'परराष्ट्रांशी कायमचे तह करू नका' एवढं एक वाक्य ठाऊक. चार शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी हा उतारा आला (भाषांतर माझं आहे, ओबडधोबड):

"एका तटाचं दुसऱ्यावर आळीपाळीने येणारं वर्चस्व, त्याला पक्षभेदातून आपोआप येणारी सूडाची धार, ही स्वतःच एक भयंकर जुलूमशाही आहे. पण तिच्यातून पुढे अधिक उघड आणि कायमची जुलूमशाही येते. त्या बेबंदशाहीला आणि हालांना विटलेली माणसं हळूहळू एकाच माणसाच्या निरंकुश सत्तेत सुरक्षितता आणि विसावा शोधू लागतात."

मी वाचता वाचता थांबले. ह्यात आमची सभा होती, आजी होत्या, माझ्या टाळ्याही होत्या. हा माणूस १७९६ मध्ये लिहितोय.

आपण नेहमी म्हणतो की हुकूमशहा येतो आणि लोकांचं स्वातंत्र्य हिरावून घेतो. वॉशिंग्टन उलट्या बाजूने सांगतो: तो यायच्या आधी लोक दमलेले असतात. सूडाच्या फेऱ्यांनी त्यांना इतकं दमवलेलं असतं की ते स्वतःच दार उघडून देतात. म्हणून त्याचा इशारा कुण्या एका वाईट माणसाविरुद्ध नाही, दमवणाऱ्या त्या चक्राविरुद्ध आहे. मला ह्या पत्रात सर्वांत मोलाचं हेच वाटलं.

थोडी पार्श्वभूमी. ते भाषण नव्हतं, ते त्याने कधी बोलून दाखवलंच नाही. फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात १९ सप्टेंबर १७९६ ह्या तारखेने ते छापून आलं. संबोधन होतं 'मित्रांनो आणि नागरिक बांधवांनो'. अध्यक्षपदाची दुसरी कारकीर्द संपत आली होती. तिसऱ्यांदा उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि उभा राहिला असता तर निवडून आलाच असता. त्याने पत्र लिहून सांगितलं, मी उभा राहणार नाही. मार्च १७९७ मध्ये जॉन अ‍ॅडम्सने शपथ घेतली आणि हा माउंट व्हर्ननला, आपल्या शेतीवाडीवर निघून गेला. त्याआधी डिसेंबर १७८३ मध्ये, इंग्रजांविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई जिंकल्यावर, सेनापतिपदाचा राजीनामा देऊन तो असाच घरी गेला होता. म्हणजे हातातली सत्ता खाली ठेवायची त्याची ही दुसरी वेळ.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. पहिली कारकीर्द संपतानाच, १७९२ मध्ये, त्याला जायचं होतं. तेव्हा निरोपाचा मसुदा त्याने जेम्स मॅडिसन ह्या आपल्या सल्लागाराकडून करून घेतला. पुढे मॅडिसन आणि वॉशिंग्टनचा परराष्ट्रमंत्री जेफरसन एका बाजूला, अर्थमंत्री हॅमिल्टन दुसऱ्या बाजूला, असं उभं वैर झालं. १७९६ मध्ये वॉशिंग्टनने तोच मॅडिसनचा मसुदा हॅमिल्टनकडे दिला आणि त्यावरून नवा करायला सांगितलं. शेवटची प्रत स्वतःच्या हाताने लिहिली. तटांविरुद्धच्या ह्या पत्रात दोन्ही तटांच्या प्रमुखांचे शब्द मिसळलेले आहेत.

आता माझा प्रश्न. आपल्याकडे, ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत आणि आमच्यासारख्या मंडळांतही, जाणारा माणूस जाताना काय सांगून जातो? आणि मुळात जातो का?

विश्वामित्रीकाठी

ताई, धागा फार आवडला. मी इथेच कायदा शिकतो, दुसऱ्या वर्षाला आहे. एक शंका आहे. वॉशिंग्टन पक्षांनाच नको म्हणतो का? तसं असेल तर त्याचा आज काय उपयोग? पक्षांशिवाय लोकशाही चालणार कशी? आपल्या मूळ घटनेत पक्षांचा उल्लेख नव्हता, तरी पक्ष होतेच. शेवटी १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदीसाठी, तेव्हा पक्ष घटनेत शिरला. तोही असा शिरला की आमदाराने पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे आपण तर पक्षनिष्ठेला कायद्याचं कुंपण घातलं.

राजमहालरोड

चांगली शंका आहे रे. तो 'पक्ष बंद करा' म्हणत नाही. त्याचं म्हणणं असं: ही वृत्ती माणसाच्या स्वभावातच आहे, तिची मुळं मनातल्या सर्वांत जबर भावनांमध्ये आहेत. राजेशाहीत तिचा थोडा उपयोग मान्य करता येईल, पण लोकनियुक्त राज्यात ती मुळातच पुरून उरेल इतकी असते, तिला खतपाणी घालायची गरज नाही. आणि मग विस्तवाचा दाखला देतो. हा विस्तव विझवता येणार नाही, पण तो भडकू नये म्हणून सतत राखण हवी, नाहीतर ऊब द्यायचं सोडून जाळून टाकील. ज्यांच्या घरी शेगडी होती त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

पक्षांतरबंदीबद्दल तू म्हणतोस ते मला महत्त्वाचं वाटतं. माणसं विकली जाऊ नयेत म्हणून तो कायदा आला, हेतू योग्यच होता. पण आमदाराने आपल्या विवेकाला स्मरून एखाद्या विधेयकाच्या विरोधात हात वर करणं आणि पैसे घेऊन पलीकडे जाणं, ह्या दोन्हींना एकच शिक्षा, हे मला पटत नाही.

दूरदेशी

मूळचा रावपुऱ्याचा, गेली एकोणीस वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहतो. ताईंनी लिहिलेल्या गावातूनच लिहितोय म्हणा ना.

इथली एक प्रथा सांगतो. दर फेब्रुवारीत, वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाच्या सुमारास, सिनेटमध्ये हे पत्र अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचतात. पहिल्यांदा वाचलं १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते दरवर्षीचं झालं. एका वर्षी एका पक्षाचा सदस्य वाचतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा. मी एकदा पाहिलं, सभागृह जवळजवळ रिकामं होतं. वाईट वाटलं. पण तरी दरवर्षी कुणीतरी उभं राहून तटांविरुद्धचे ते शब्द आपल्या तोंडाने उच्चारतं, ह्याला मी किंमत देतो. शब्द तोंडात राहिले तर कधीतरी पोटात उतरतील.

आता कडू भाग. ते पत्र ज्या वर्षी छापलं, त्याच वर्षी, मे १७९६ मध्ये, अध्यक्षांच्या फिलाडेल्फियातल्या घरातून ओना जज नावाची एक तरुण गुलाम बाई पळून गेली. घरात जेवणं चालू असताना निघाली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले. ती आली नाही. त्या घराची जागा स्वातंत्र्यघंटेच्या (लिबर्टी बेलच्या) अगदी शेजारी आहे, मी मुलांना घेऊन गेलो होतो. निरोपपत्रात एकीबद्दल पानंच्या पानं आहेत, उत्तर-दक्षिण भेद वाढवू नका म्हणून कळवळून सांगितलं आहे, पण ज्या गोष्टीवरून उत्तर-दक्षिण पुढे एकमेकांचे गळे कापणार होते त्या गुलामगिरीबद्दल एक शब्द नाही. मृत्युपत्रात मात्र त्याने स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना बायकोच्या पश्चात मुक्त करा असं लिहून ठेवलं. म्हणजे मनात होतं. पत्रात आलं नाही.

राजमहालरोड

तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. ओना जजबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी तुमचा हा परिच्छेद वाचून दाखवीन, चालेल ना?

पत्रातलं मौन हाही एक धडाच मानायला हवा. जाणारा माणूस ज्याबद्दल बोलायचं टाळतो ती गोष्ट त्याच्यामागे जात नाही, मागे राहिलेल्यांच्या अंगणात येऊन बसते. १८६१ ला युद्ध सुरू झालं.

कामाठीबाग

ह्या धाग्यावर बडोद्याच्या माणसांनी वॉशिंग्टनचंच नाव घ्यावं आणि बाबासाहेबांचं घेऊ नये, हे मला बरोबर वाटलं नाही, म्हणून लिहितो आहे. रागाने नाही, पण तळमळीने.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. ह्या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं आणि ते कामाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आमच्या आजोबांनी मला लहानपणी तिथे नेलं होतं.

त्या माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत समारोपाचं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकृत झाली. ते काही सार्वजनिक जीवनातून निवृत्त होत नव्हते, पण हातातलं काम देशाच्या स्वाधीन करून उठताना बोललेले ते शब्द आहेत, म्हणून मी त्यांना निरोपाचेच शब्द मानतो. पक्षांनी देशापेक्षा आपल्या मतप्रणालीला मोठं मानलं तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल, कदाचित कायमचं जाईल, असं ते म्हणाले. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा खात्रीचा मार्ग आहे, असंही म्हणाले. आणि ज्याबद्दल वॉशिंग्टन गप्प राहिला तेच बाबासाहेबांनी मधोमध ठेवलं: २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे विषमता भोगत आहेत ते लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील.

ताई, तुमच्या मंडळातल्या आजींना कडक माणूस हवा होता. बाबासाहेबांनी नेमकं हेच सांगून ठेवलंय की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका.

राजमहालरोड

कामाठीबाग, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्याकडून राहिलं, राहायला नको होतं.

दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. वॉशिंग्टन म्हणतो, तटांच्या भांडणाला विटून लोक एका माणसाकडे जातात. बाबासाहेब म्हणतात, भक्तीने जातात. मला वाटतं दोन्ही एकाच वेळी होतं. आमच्या सभेत अर्ध्या टाळ्या कंटाळ्याच्या होत्या आणि अर्ध्या भक्तीच्या, कारण 'कडक माणूस' म्हणून कुणाचं नाव डोक्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनाहिशेब

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे माझी नजर पैशांच्या परिच्छेदावर गेली. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं लिहितो. वॉशिंग्टन म्हणतो, राष्ट्राची पत जपा, आणि ती जपायचा मार्ग म्हणजे ती शक्य तितकी कमी वापरणं. युद्धात कर्ज झालं तर शांततेच्या काळात नेटाने फेडा, जो बोजा आपण उचलायला हवा तो पुढच्या पिढीवर टाकू नका. आणि मग लोकांना सरळ सांगतो: कर्ज फेडायचं तर महसूल हवा, महसूल हवा तर कर हवेत, आणि थोडाफार त्रासदायक नाही असा कर अजून कुणी शोधलेला नाही.

आज कुठला पुढारी, जाताना किंवा येताना, हे वाक्य बोलेल? निवडणुकीच्या जाहीरनाम्यात काय काय देणार ह्याची यादी असते, ते कुणाच्या खिशातून येणार ते नसतं. दोनच वर्षांपूर्वी, १७९४ मध्ये, दारूवरच्या करावरून पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात बंड झालं होतं आणि वॉशिंग्टनला फौज घेऊन निघावं लागलं होतं. कर ह्या शब्दाने लोक किती भडकतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी लिहिलं. मला ह्यात त्याचा मोठेपणा दिसतो.

सूरसागर_पाळ

एक छोटी दुरुस्ती. 'गुंतवून टाकणाऱ्या मैत्र्या नकोत' हे वाक्य सर्रास वॉशिंग्टनच्या नावावर खपतं, पण ते जेफरसनचं, १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातलं. वॉशिंग्टन कायमच्या तहांपासून दूर राहा म्हणतो, आणीबाणीत तात्पुरते करायला त्याची हरकत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं वाक्य: जे राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राचा कायम द्वेष करतं किंवा त्याच्यावर कायम लोभ ठेवतं, ते काही अंशी गुलाम असतं, आपल्या द्वेषाचं तरी किंवा आपल्या लोभाचं तरी. त्या वेळी अमेरिकेत निम्मे लोक फ्रान्सच्या प्रेमात आणि निम्मे इंग्लंडकडे झुकलेले, त्यावरून घराघरांत भांडणं. संध्याकाळच्या टीव्हीवरच्या चर्चा बघताना हे वाक्य आठवतं.

मांडवीपासूनजवळ

मी थोडं वेगळं लिहिते. निरोपपत्रात एक लहानसा परिच्छेद आहे, ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संस्थांना अग्रक्रम द्या, कारण राज्य लोकमतावर चालायचं तर लोकमत सुजाण हवं. हा परिच्छेद वाचताना मला आमचं मध्यवर्ती ग्रंथालय दिसलं. मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिथे नेऊन नाव घातलं होतं.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलं वाचायला शिकली, मग वाचतील काय? म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालयं काढली, पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. वॉशिंग्टनच्या त्या परिच्छेदाचं बोट धरून एक अमेरिकन माणूस आपल्या गावात आला होता असं मी मनात म्हणते.

आणि निरोपाबद्दल. आपल्या संस्थानाचाही एक निरोप झाला. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं. राज्य जाताना विद्यापीठ ठेवून गेलं. तेव्हाचे महाराज प्रतापसिंहराव, त्यांच्या इतर कारभारावर टीका झाली आहे आणि ती होऊ दे, पण ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना नमस्कार करते. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली.

विश्वामित्रीकाठी

ताई, अजून एक विचारू? दोन कारकीर्दींची प्रथा वॉशिंग्टनने पाडली, पण ती लिहिलेली नव्हती. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून ती लिहावी लागली. म्हणजे माणसाच्या सद्‌वर्तनावर भरवसा ठेवला तर ते दीडशे वर्षं टिकलं, पण शेवटी कायदा लागलाच. मग पत्र मोठं की कलम मोठं?

राजमहालरोड

ह्यावर मी पुष्कळ विचार केला. कलम माणसाला खुर्चीवरून उठवू शकतं, पण उठताना काय बोलावं हे शिकवू शकत नाही. पत्राच्या शेवटी वॉशिंग्टन लिहितो की माझ्या हातून जाणूनबुजून चूक झाल्याचं मला आठवत नाही, पण माझे दोष मला इतके ठाऊक आहेत की पुष्कळ चुका झाल्या असणारच. पंचेचाळीस वर्षं सेवेत घालवली, तेव्हा माझ्या अपात्रतेचे दोष विस्मृतीत जावेत अशी आशा करतो. हे वाचताना आमच्या खोलीत कुणी बोललं नाही. एवढ्या मोठ्या पदावरून उतरताना कुणी 'माझं चुकलं असेल' म्हटलेलं आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं.

म्हणून मी दोन्ही करायचं ठरवलं. मंडळाच्या मागच्या सभेत दोन ठराव मांडले. एक, कुणालाही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त अध्यक्ष राहता येणार नाही. दुसरा, जाणाऱ्या समितीने हिशेबाबरोबर एक कागद द्यायचा, त्यात आपलं काय राहिलं आणि काय चुकलं ते स्वतः लिहायचं, आणि येणाऱ्या समितीने तो सभेत वाचून दाखवायचा, त्यावर चौकशी लावायची नाही. चोरी असेल तर गोष्ट वेगळी, तिला कायदा आहे. दोन्ही तटांनी विरोध केला. एक जण म्हणाला, "आपल्या हाताने पुरावा लिहून द्यायचा का?" मला बरंच बोललेही. ठराव पुढच्या सभेवर गेले आहेत, तोवर मला अनुमोदक शोधायचा होता.

कामाठीबाग

मिळाला का? नाहीतर मी तुमच्या मंडळाचा सभासद व्हायला तयार आहे. वर्गणी किती ते कळवा. आणि २५ नोव्हेंबरचं भाषण वाचणार असाल तर संकल्पभूमीवर वाचू, रविवारी सकाळी. मराठी प्रती मी आणतो.

राजमहालरोड

जरूर व्हा, फॉर्म पाठवते. रविवारी आठ वाजता बागेच्या दारात भेटू. दूरदेशी, तुम्ही फोनवरून या, तुमच्याकडे शनिवारची रात्र असेल. चहाचा थर्मास माझ्याकडे, लीलो चिवडा मांडवीपासूनजवळ आणणार आहेत.

आणि हो, अनुमोदक मिळाला. काल संध्याकाळी त्या आजींकडे गेले होते, ज्यांना कडक माणूस हवा होता. दोन्ही ठराव वाचून दाखवले, मग वॉशिंग्टनचा तो तटांचा उतारा वाचला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाल्या, "हे आमचंच लिहिलंय की गं." चष्मा मागवला आणि दोन्ही ठरावांखाली सही केली.